रिलीज घ्यायची की स्टेबल बिल्ड? ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्याआधी काय ठरवायचे, कोणत्या क्रमाने

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. तेव्हापासून गोव्यात म्हापसा, डिचोली, फोंडा या भागांतली जुनी मशीन लिनक्सवर नेण्याची कामे वाढली आहेत. लोक स्वतःच टाकून बघतात, ही चांगली गोष्ट. पण फसल्यावर माझ्याकडे येणाऱ्या मशीनांत हार्डवेअरचा दोष क्वचितच असतो. बहुतेकदा इमेजच, म्हणजे सिस्टीम टाकण्याची फाईलच, चुकीची निवडलेली असते. कुणी मित्राच्या पेनड्राइव्हवरची दीड वर्षापूर्वीची इमेज टाकतो, कुणी 'सगळ्यात नवी' म्हणून काल रात्री बनलेली डेली बिल्ड, म्हणजे विकास चालू असतानाची रोजची कच्ची प्रत, उतरवतो, तर कुणी नावात 'स्टेबल' दिसले म्हणून निर्धास्त होतो. यातला तिसरा सर्वांत जास्त अडकतो.

खालचा क्रम मी स्वतः पाळतो. पायऱ्या मागेपुढे करू नका. निम्म्या चुका तिथेच होतात.

## १. 'स्टेबल' शब्दाचा अर्थ आधी लावून घ्या

हा शब्द प्रत्येक घरात वेगळा आहे. खालच्यांपैकी डेबियन आणि उबुंटू ही लिनक्सची रूपे, आणि बाकी तिन्ही बीएसडी नावाच्या वेगळ्या घराण्यातल्या सिस्टीम.

डेबियन. इथे स्टेबल म्हणजेच चालू अधिकृत रिलीज, म्हणजे पक्की जाहीर केलेली आवृत्ती. ९ ऑगस्ट २०२५ पासून ती जागा डेबियन १३ कडे, म्हणजे 'ट्रिक्सी'कडे आहे. त्याआधी १२, 'बुकवर्म', होती. साधारण दर दोन महिन्यांनी १३.१, १३.२ अशी पॉइंट रिलीज येते. ही नवी आवृत्ती नव्हे. तोवर झालेल्या सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या गोळा करून इमेज पुन्हा बांधलेली असते, इतकेच. तुमच्याकडे १३.० चा पेनड्राइव्ह असेल तर तो फेकू नका. टाकून नेटवरून अपडेट केले की मशीन त्याच ठिकाणी पोचते.

उबुंटू. २४.०४ एलटीएस (लांब मुदतीच्या आधाराची आवृत्ती) एप्रिल २०२४ मध्ये आली, २४.०४.१ ऑगस्ट २०२४ मध्ये, .२ फेब्रुवारी २०२५ मध्ये आणि .३ ऑगस्ट २०२५ मध्ये. इथे मात्र पॉइंट रिलीजला जास्त किंमत आहे. मूळ इमेजमध्ये कर्नल, म्हणजे हार्डवेअर ओळखणारा सिस्टीमचा गाभा, ६.८ होता. .२ मध्ये ६.११ आणि .३ मध्ये ६.१४ आला. नव्या लॅपटॉपचे वायफाय मूळ इमेजला ओळखता येत नाही आणि .३ ला येते, त्याचे कारण हेच. 'अपडेटने येईलच की' असे कुणी म्हणेल. येईल. पण वायफायच चालत नसेल तर अपडेट कशावरून येणार?

फ्रीबीएसडी. इथे घोळ सर्वांत मोठा. 'रिलीज' ही पक्की आवृत्ती, आणि 'स्टेबल' ही चक्क विकासाची फांदी, म्हणजे जिच्यात बदल होतच असतात अशी कोडची शाखा. 'करंट' नावाच्या मुख्य फांदीवर काही काळ वापरून पाहिलेले बदल तिथे उतरतात. त्या फांदीवर जुने प्रोग्रॅम चालत राहतील याची काळजी घेतली जाते, आणि 'स्थिर' हे विशेषण तेवढ्याच अर्थाने आहे. मशीन अडखळणार नाही, असे आश्वासन त्यात नाही.

ओपनबीएसडी. इथे स्टेबल म्हणजे रिलीज अधिक तिच्यावर निघालेल्या दुरुस्त्या, बाकी काही नाही. रिलीज दर सहा महिन्यांनी येते आणि दुरुस्त्या फक्त शेवटच्या दोन रिलीजना मिळतात. नेहमीच्या ६४ बिट मशीनवर रिलीज टाकून दुरुस्त्या बसवणारा 'सिसपॅच' चालवला की काम झाले. वेगळी बिल्ड शोधत बसायची गरज नाही.

नेटबीएसडी. १०.० मार्च २०२४ मध्ये आली आणि १०.१ डिसेंबर २०२४ मध्ये. मधले महिने दुरुस्त्या १० च्या फांदीवर जमा होत राहिल्या आणि तिच्या बिल्ड आपोआप बनत राहिल्या. रिलीज जुनी झाली असेल, तर फांदीवरची ताजी बिल्ड घेणे इथे शहाणपणाचे ठरते. फ्रीबीएसडीवाल्याला दिलेला सल्ला नेटबीएसडीवाल्याला देऊ नये, तो यासाठीच.

तपासा: तुम्ही टाकणार असलेल्या सिस्टीममध्ये स्टेबल म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगता येते का? येत नसेल तर अजून डाऊनलोड करू नका.

## २. मशीनची कुंडली मांडा

कागद घ्या. प्रोसेसरचे मॉडेल, रॅम, डिस्क किती आणि कोणती, वायफायची चिप, ग्राफिक्स, आणि मशीन नव्या यूईएफआयवर बूट होते की जुन्या बायोसवर (सुरू होण्याच्या या दोन पद्धती), हे लिहा. विंडोज अजून चालू असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून चिपची नावे मिळतात. जवळचा प्रिंटर आणि स्कॅनर यांचे मॉडेलही लिहा. लोक हेच विसरतात, आणि दुकानाचे बिल छापायची वेळ आली की आठवण होते.

प्रोसेसर ३२ बिट आहे का, ते नक्की पाहा. डेबियन १३ पासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल येत नाही. ग्रंथालयांच्या, शाळांच्या कपाटात अजून जुन्या ॲटम प्रोसेसरची छोटी मशीन निघतात. तिथे १३ ची इमेज घेऊन तासभर घालवण्यापेक्षा डेबियन १२ किंवा नेटबीएसडी, ओपनबीएसडी यांचा विचार करा.

मग त्याच कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. मशीन रोज कोण वापरणार? बिघडले तर कोण उघडणार? तिथे नेट कसे आहे? दिवाडीला फेरीबोटीने जाऊन एक मशीन बसवायचे होते. मी छोटी नेटइन्स्टॉल इमेज (बाकीचे नेटवरून ओढणारी) घेऊन गेलो, पण तिथे मोबाइलचे नेट रडतखडत चालले होते. संध्याकाळी अर्धवट काम टाकून परत आलो. नेट कच्चे असेल तिथे पूर्ण इमेज न्या.

## ३. आता निवडा

माझा निवाडा सरळ आहे. चालू रिलीजची सर्वांत ताजी पॉइंट इमेज घ्या, टाका, आणि त्याच बैठकीत अपडेट करा. दुकान, छापखाना, देवस्थानची कचेरी, शाळा, घर, सगळीकडे हेच. उबुंटू घेतलीत तर एलटीएसच घ्या. मधल्या आवृत्त्यांना आधार फक्त नऊ महिन्यांचा असतो, आणि नऊ महिन्यांनी मशीन पुन्हा उघडायला कोणी येत नाही.

हार्डवेअर फार नवे असेल तर? तरी आधी रिलीजमध्येच उपाय शोधा. उबुंटूमध्ये नव्या कर्नलसह आलेली पॉइंट इमेज असते. डेबियनमध्ये 'बॅकपोर्ट्स' आहे. त्यातून फक्त नवा कर्नल मागून घेता येतो आणि बाकी सिस्टीम जागच्या जागी राहते. बॅकपोर्ट्समधले काहीही आपण नाव घेऊन मागितल्याशिवाय आत येत नाही, म्हणून ती वाट मला आवडते.

स्टेबल फांदीची बिल्ड किंवा डेली बिल्ड घ्यायची ती एकाच परिस्थितीत: तुमच्या नेमक्या दोषाची दुरुस्ती फांदीवर आली आहे, हे तुम्ही स्वतः वाचले आहे आणि ती अजून रिलीजमध्ये नाही. 'नवी आहे म्हणून चांगली असेल' हे कारण धरू नका.

पॉइंट रिलीज आल्या दिवशीच झडप घालू नका. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ बाहेर पडता पडता कर्नलमध्ये एक्स्ट४ फाईल सिस्टीमचा डेटा खराब करू शकणारा दोष सापडला. इमेज थांबवल्या आणि त्या जागी १० डिसेंबरला १२.४ दिली. इतक्या काटेकोर मंडळींकडेही हे घडते. मी आठवडाभर थांबतो.

## ४. उतरवा आणि पडताळा

इमेज फक्त मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून किंवा त्याने दिलेल्या मिररवरून, म्हणजे त्याच फाइलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, घ्या. फाईलचे नाव शांतपणे वाचा. 'डेली', 'वीकली', 'टेस्टिंग', 'स्नॅपशॉट' यांतला एकही शब्द दिसला तर थांबा. ती रिलीज नाही.

डेबियन घेताना 'फर्मवेअरवाली अनऑफिशियल इमेज' शोधू नका. तो सल्ला १२ च्या आधीचा. १२ पासून वायफायसाठी लागणारे फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच असते.

फ्रीबीएसडी पेनड्राइव्हवरून टाकणार असाल तर 'मेमस्टिक' नावाची इमेज घ्या. 'डिस्क१' ही सीडी-डीव्हीडीसाठी आहे.

मग चेकसम, म्हणजे फाईल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा आकडा. इमेजच्या शेजारीच एसएचए२५६ च्या आकड्यांची फाईल असते. विंडोजवर पॉवरशेलमध्ये 'गेट-फाईलहॅश', लिनक्सवर 'एसएचए२५६सम'. दोन्हीकडचा लांबलचक आकडा जुळला पाहिजे. पहिली चार नि शेवटची चार अक्षरे बघून सोडू नका. दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा, फरक लगेच दिसतो.

सावधान: आकडा जुळला नाही तर 'चालून तर बघू' म्हणू नका. फाईल पुसून पुन्हा उतरवा.

## ५. पेनड्राइव्ह आणि चाचणी

इमेज पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या साधनाने ती लिहावी लागते. लिहिताना कोणती डिस्क निवडली आहे ते आकारावरून दोनदा पाहा. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हऐवजी ग्राहकाची बाहेरची हार्ड डिस्क निवडलेला माणूस मी पाहिला आहे. त्याचे नाव सांगत नाही, पण आरशात रोज दिसतो.

किनाऱ्याजवळच्या दुकानांत आणखी एक गोष्ट छळते: खारा वारा. यूएसबीच्या पोर्टला आतून हिरवट गंज चढतो आणि लिहिणे मध्येच तुटते. चेकसम बरोबर असूनही इन्स्टॉलर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकत असेल, तर आधी पोर्ट बदला, मग पेनड्राइव्ह. इमेजला दोष शेवटी द्या.

लाइव्ह इमेज (डिस्कवर न टाकता पेनड्राइव्हवरून चालणारी) असेल तर 'ट्राय' निवडून निदान वीस मिनिटे काढा. वायफाय जोडा, आवाज ऐका, प्रिंटरवर एक पान काढा, लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडा. मराठी टायपिंग लावून बघा. ज्याला इनस्क्रिप्ट येते त्याला अडचण नाही, पण जुन्या टाइपरायटर लेआउटवर हात बसलेल्या माणसाला आधी दाखवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो.

तपासा: कागदावरच्या प्रत्येक यंत्रापुढे बरोबरची खूण झाली का? एक जरी राहिली तरी पायरी ३ वर परत जा.

## ६. बॅकअप आणि इन्स्टॉल

बॅकअप दोन ठिकाणी घ्या. त्यातली चार-पाच फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. फाईल कॉपी झाली म्हणजे वाचली, असे नाही. अकाउंटिंगच्या प्रोग्रॅमचा डेटा डेस्कटॉपवर नसतो, तो कुठे ठेवला जातो ते मालकाला विचारून घ्या. छापखान्यात युनिकोडपूर्व काळातले फाँट आणि पेजमेकरच्या फाइली असतील तर एक जुने विंडोज मशीन नेटशिवाय तसेच ठेवा. त्या फाइली लिनक्सवर जशाच्या तशा येणार नाहीत, आणि येतील असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पावसाळ्यात यूपीएसशिवाय इन्स्टॉल सुरू करायचे नाही. जून ते सप्टेंबर, आणि त्यातही गडगडाट असताना, वीज कधी जाईल ते सांगता येत नाही.

बाकी इन्स्टॉल आता सोपे झाले आहे. पार्टिशन करताना 'होम' वेगळे ठेवा, म्हणजे उद्या दुसरी आवृत्ती घालताना माणसाच्या फाइलींना हात लागत नाही. नेट असेल तर केबल लावूनच इन्स्टॉल करा. डेबियनचा इन्स्टॉलर तेव्हाच मिररवरून ताजी पॅकेजे (प्रोग्रॅमचे गठ्ठे) घेतो.

## ७. पहिला तास: उठायच्या आधी करायची कामे

इन्स्टॉल संपले म्हणून मशीन मालकाच्या हाती देऊ नका. रिलीज आणि अपडेट यांचा मेळ इथे बसतो.

आधी सोर्सेसची फाईल उघडा. पॅकेजे कुठून घ्यायची ते तिच्यात लिहिलेले असते. नेटशिवाय डीव्हीडी इमेजवरून डेबियन टाकले असेल तर पहिली ओळ 'सीडीरॉम'ची असते. ती तशीच राहिली तर अपडेट करताना सिस्टीम डिस्क मागत बसते. ती ओळ बंद करा. मग तीन गोष्टी आहेत का पाहा: मुख्य रेपॉझिटरी (पॅकेजांचे कोठार), सुरक्षेची रेपॉझिटरी आणि 'अपडेट्स'ची. सुरक्षेची ओळ नसलेली अधिकृत रिलीज म्हणजे कडी न लावलेले दार.

आता सर्वांत महत्त्वाचे. त्या ओळींत आवृत्तीचे नाव 'ट्रिक्सी' असे लिहा, 'स्टेबल' असे नको.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. डिचोलीच्या एका छापखान्यात मी डेबियन १२ बसवले होते आणि सोर्सेसमध्ये हौसेने 'स्टेबल' लिहिले होते. दोन वर्षे सुरळीत चालले. ९ ऑगस्ट २०२५ ला १३ आली आणि 'स्टेबल' या शब्दाचा अर्थ त्या दिवशी बदलला. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला. छापखान्यात कार्यक्रमपत्रिका, आरतीच्या पुस्तिका, पावत्या यांची झुंबड. मालकांच्या भाच्याने नेहमीप्रमाणे अपडेट चालवले. 'बुकवर्म बदलून ट्रिक्सी झाले आहे, मान्य आहे का' असा प्रश्न सिस्टीमने विचारला होता. त्याने 'वाय' दाबले. त्याने तरी दुसरे काय दाबावे? शेकडो पॅकेजे उतरायला लागली, आणि मध्येच वीज गेली.

फोन आला. "अरे, मशीन काळे पडले रे. मंडळाचे पोरगे पत्रिकेसाठी दारात उभे आहे."

"भाई, कुठलेच बटण दाबू नका. मी येतो."

पोचलो तेव्हा ग्राफिक लॉगिन येत नव्हते. नुसता काळा पडदा आणि अक्षरे. कंट्रोल-अल्ट-एफ२ दाबून टेक्स्ट लॉगिन घेतले. आधी पॅकेजे बसवणाऱ्या 'डीपीकेजी'ला अर्धवट राहिलेली पॅकेजे पूर्ण करायला लावले, म्हणजे 'कॉन्फिगर', पुढे 'ए'. मग पॅकेजे उतरवणाऱ्या ॲप्टचे 'फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. मग 'फुल-अपग्रेड', आणि या वेळी यूपीएस लावून. अर्ध्या वाटेवरून १२ कडे मागे फिरता येत नाही. १३ वर पोचणे हाच रस्ता. रात्री साडेनऊला पत्रिका निघाल्या. चूक भाच्याची नव्हती, ती ओळ माझ्या हातची होती.

सोर्सेस नीट झाले की अपडेट, मग फुल-अपग्रेड, मग रीस्टार्ट. रीस्टार्ट चुकवू नका. नवा कर्नल डिस्कवर आला तरी मशीन जुन्यावरच चालू असते.

फ्रीबीएसडी रिलीजवर 'फ्रीबीएसडी-अपडेट'ने आधी उतरवा, मग बसवा. नंतर 'फ्रीबीएसडी-व्हर्जन'ला कर्नल, चालू कर्नल आणि बाकी सिस्टीम या तिन्हींचे आकडे विचारा. ताज्या पॅचने कर्नलला हात लावला नसेल तर त्याचा आकडा मागे दिसतो. तेवढ्यावरून घाबरू नका.

तपासा: अपडेट पुन्हा चालवा. 'काहीच उरले नाही' असे उत्तर आले पाहिजे.

## ८. स्टेबल बिल्ड घ्यावीच लागली तर

आधी मनाशी पक्के करा की अपडेटची वाट बदलते. फ्रीबीएसडीच्या स्टेबल फांदीवर 'फ्रीबीएसडी-अपडेट' चालत नाही. बहुतेक जण सोर्स घेऊन सगळी सिस्टीम स्वतः बांधतात, आणि जुन्या दोन कोअरच्या मशीनवर त्यात तासन्‌तास जातात. माझ्याकडे 'स्टेबल आहे ना, मग पॅच का लागत नाही?' असे विचारत आलेल्यांना बहुतेकदा रिलीज पुन्हा टाकून द्यावी लागली.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा सुट्या डिस्कवर टाका, कामाच्या डिस्कवर नाही. बिल्डची तारीख कागदावर लिहा आणि इमेज स्वतःजवळ जपून ठेवा. जुने स्नॅपशॉट, म्हणजे तारखेवार बनलेल्या बिल्ड, काही काळाने काढून टाकले जातात, आणि 'परवा चालत होते तेच परत हवे' म्हटल्यावर ते मिळत नाहीत. झेडएफएस फाईल सिस्टीम असेल तर बदलाआधी बूट एन्व्हायर्नमेंट (चालू सिस्टीमची बूट होणारी प्रत) करून ठेवा, म्हणजे बिघडले तर आदल्या दिवसावर बूट करता येते. आणि ज्या दुरुस्तीसाठी हा खटाटोप केला ती पुढच्या रिलीजमध्ये आली की लगेच रिलीजवर परत या.

दुसऱ्याच्या दुकानात, ज्याच्याकडून बिलिंग बंद पडल्याचा फोन येणार आहे, तिथे स्टेबल बिल्ड मी टाकत नाही.

## ९. पुढची उडी कधी

उबुंटूमध्ये एका एलटीएसवरून दुसऱ्या एलटीएसवर जाण्याची सूचना नव्या एलटीएसची .१ आल्यावर मिळते. तोवर जबरदस्तीने उडी मारू नका. डेबियनमध्ये मी नव्या आवृत्तीच्या .१ किंवा .२ ची वाट पाहतो, कारण जुनीला निदान वर्षभर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. फ्रीबीएसडीमध्ये एवढी सवड नसते. पुढची पॉइंट रिलीज आली की मागचीचा आधार साधारण तीन महिन्यांत संपतो.

तारीख ठरवताना स्थानिक पंचांग बघा. चवथीच्या आधीचे तीन आठवडे, गावच्या जत्रेचा आठवडा, शाळेत परीक्षेचा काळ आणि दुकानात मार्चअखेर, या दिवसांत आवृत्ती बदलायची नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेव्हाही चालू ठेवा, त्या थांबवू नका.

शेवटी एक चिठ्ठी लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. डिचोलीच्या त्या छापखान्यात मी लावलेल्या चिठ्ठीवर असे आहे:

डेबियन १३, ट्रिक्सी. नेटइन्स्टॉल नाही, अपग्रेडने आलेले.
सोर्सेसमध्ये नाव लिहिले आहे, 'स्टेबल' नाही.
बॅकअप: निळी डिस्क, कपाटात वरच्या खणात.
अपडेट शुक्रवारी दुपारी, यूपीएस चालू असताना.
आवृत्ती बदलायची का असे विचारले तर 'एन' दाबा आणि फोन करा.